पाणचक्कीवरचं दळण

आमच्या घराण्यात कॉलेजची डिग्री घेतलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावातून पहाटेची एसटी पकडून मी कॉलेज केलं, उभ्याउभ्या अभ्यास केला आणि पास झाले. आज वाळूजला एका कंपनीच्या ऑफिसात बसते. पडेगावच्या बाजूला माझ्या स्वतःच्या नावावर फ्लॅट आहे, दोन खोल्यांचा. दारावर पाटी आहे आणि पाटीवर नावापुढं बी.कॉम. पाटी करणारा म्हणाला होता, "मॅडम, घराच्या पाटीवर बी.कॉम. कुणी टाकत नाही आता." मी म्हणाले, "तुमच्या घरात सगळेच शिकलेले असतील. तुम्ही टाका."

लग्नाचं जमलं नाही. आधी शिक्षण पुरं होऊ दे, मग नोकरी लागू दे, मग भावाचं उरकू दे, असं करत वय पुढं गेलं आणि कधीतरी लोकांनी विचारायचंच सोडून दिलं. त्याचं मला लोकांना वाटतं तितकं वाईट वाटत नाही. वाईट असतो तो रविवार. शनिवारी संध्याकाळी कंपनीची बस मला कोपऱ्यावर सोडते, त्यानंतर सोमवारी सकाळी पुन्हा बसमध्ये चढेपर्यंत माझ्याशी कुणी बोलत नाही. सोमवारी पहिला शब्द काढायचा तर घसा खाकरावा लागतो. शेजारच्या सीटवरची बाई विचारते, "सर्दी झाली का?" मी म्हणते, "हो, थोडी."

म्हणून मी ठरवलं, की मायला आणायचं. चार दिवस पाहुणी म्हणून नाही, कायमचं.

माय गावात भावाकडं असते. तिथं तिचे हाल आहेत असं अजिबात नाही. भाऊ सरळ आहे, भावजय बोलायला तिखट पण जेवायला वाढताना हात आखडत नाही. वडील गेल्यापासून माय शेतात कमी आणि ओट्यावर जास्त असते. तरी मी फोनवर तिला तिच्या गुडघ्यांचं सांगत राहिले, इथं दवाखाना किती जवळ आहे ते सांगत राहिले. तिच्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं. ती म्हणायची, "बघू." मग मी दुसरी युक्ती काढली. म्हणाले, "माय, मुलखातून माणसं इथं फिरायला येतेत, विमानानं येतेत. अन् तू अर्ध्या दिवसाच्या वाटेवर राहून काय बघितलं? दवाखाना अन् कोर्ट. शहर बघायला तर ये."

शहराचं नाव बदललं, एसटीच्या पाट्या बदलल्या, पण मायच्या तोंडी ते पहिल्यापासून नुसतं 'शहर'. "शहर बघायचं का?" ती म्हणाली. "येते मंग."

मी आतली खोली तिच्यासाठी लावली. खाट घेतली. खाट खिडकीशी अशी ठेवली, की पडल्यापडल्या रस्ता दिसावा आणि रस्त्यावरून कन्नडकडं जाणाऱ्या गाड्या दिसाव्यात. मला वाटलं, गाड्या दिसल्या म्हणजे तिला बरं वाटेल. त्याचा उलटाही परिणाम होऊ शकतो हे तेव्हा लक्षात आलं नाही.

थंडीचे दिवस होते. ती संध्याकाळी उतरली तेव्हा आधी पिशवी खाली आली, मग दुसरी पिशवी, मग माय, आणि मग अख्खी एसटी खिडक्यांतून बाहेर आली. एक म्हातारा हात हलवत होता. एक बाई ओरडून सांगत होती, "मावशे, त्या औषधाचं इचारा बरं का!" कंडक्टरनं मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "ह्याच का त्या हापिसवाल्या? मावशीनं पूर्ण घाटभर तुमचंच पुराण लावलं होतं." माझ्या मायला गाव वसवायला एसटीचे दोन स्टॉप पुरतात.

दुसऱ्या दिवसाची मी रजा टाकली होती. सकाळी तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि काखेत एक शिवलेली जाड कापडी पिशवी धरली. तोंड सुतळीनं बांधलेलं.

"त्यात काय हाय?"

"हाय माझं."

मला वाटलं भाकरी बांधल्यात. म्हणाले, "माय, आज बाहेर जेवू. हॉटेलात."

"जेवू की. कोण नको म्हणतंय?" पण पिशवी काही तिनं ठेवली नाही.

आधी मकबऱ्याला गेलो. तिकीट मोबाईलवर काढायचं असतं, मी काढलं, आणि माय बाजूच्या बाईला सांगत होती, "तिला सगळं येतंय. शिकेल हाय ती." ही बाई परभणीकडची निघाली, बुरख्यातली, सोबत सासू आणि तीन पोरी. आत शिरायच्या आधी दोघींचं एकमेकींच्या लेकरांबद्दल बोलून झालं होतं. मायची हिंदी तिची स्वतःची आहे. "हम कन्नड के. ये मेरी लेक. यहींच रहती."

"अरे वा, फिर तो आपा, तुम्हारा रोज का हुआ ये," ती बाई मला म्हणाली.

मी मान हलवली. कॉलेजच्या सहलीला एकदा आले होते, त्यानंतर आजच.

"मंग अच्छा खाना कां मिलता इदर? बच्चियाँ भुकी हैं."

मला सांगता येईना. मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये जेवते आणि घरी जेवते. मी मोबाईल काढला आणि त्यात बघून एक नाव सांगितलं. ती म्हणाली, "वो तो हमारे मोबाइल में भी दिखरा." पोरी हसल्या. वाईट हेतूनं नाही, पोरी कशावरही हसतात. मायनं मात्र माझ्याकडं एकदा बघितलं.

पांढरा घुमट उन्हात नुसता उजळला होता. लांबचलांब पाण्याच्या हौदाकडेनं चालताना माय खूश होती. चपला हातात घेऊन गार फरशीवर पाय घासत होती. "हे कुणाचं?"

मी तयारी करून आले होते. पाटीवरचं इंग्रजी वाचून मराठीत सांगायची माझी जुनी हौस आहे. म्हणाले, "एका शाहजाद्यानं आपल्या आईसाठी बांधलं."

माय थांबली. "आई जिती व्हती तव्हा?"

"नाय. मेल्यावर."

"मंग तिनं काय बघितलं?"

मी मोबाईल पर्समध्ये टाकला.

"जिती असताना किती येळा भेटाय यायचा, ते लिव्हलंय का पाटीवर?"

मी उगीच पाटी पुन्हा बघितली. म्हणाले, "नाय लिव्हलं."

"सोयीचं तेवढंच लिव्हतेत," माय म्हणाली आणि पुढं चालू लागली.

हे तिनं मला टोचायला म्हटलं की शाहजाद्याला, ते मी विचारलं नाही. मी वर्षातून दोनदा गावी जाते, दिवाळीला आणि उन्हाळ्यात. पण मी काही मेल्यावर बांधणारी नव्हते. मी आधीच फ्लॅट घेतला होता, खाट मांडली होती. हे मला तिथंच सांगावंसं वाटलं, पण फोटो काढायची माणसं मधे आली. परभणीच्या बाईनं आमच्या दोघींचा फोटो काढला. आता तो माझ्या मोबाईलवर आहे. माय हसतेय, पिशवी पोटाशी. मी तिच्या खांद्यावर हात टाकलाय आणि कॅमेऱ्याकडं न बघता तिच्याकडं बघतेय.

हॉटेलात मी तिला पनीर खाऊ घातलं. तिनं ते बोटानं दाबून बघितलं, "हे दुधाचं हाय व्हय? दुधाला एवढा तरास कामून देतेत?" असं वेटरला विचारलं आणि वेटर हसत दोनदा जास्तीची चटणी देऊन गेला. पिशवी मांडीवरच होती.

तिथून पाणचक्कीला. ती लांब नाही. फाटकापाशी आत जाणाऱ्यांच्या पिशव्या बघायला एक वयस्कर चाचा बसले होते. त्यांनी मायची पिशवी हातात घेतली, वजन बघितलं, बाहेरून दाबलं.

"इसमें क्या है, अम्मा?"

"ज्वारी."

"ज्वारी? कायकू?"

माय त्यांच्याकडं असं बघत राहिली, जसं काही विचारण्यासारखं तिथं नव्हतंच. "चक्की हाय ना तुमची? दळण आणलं."

मागं रांगेत पुण्यामुंबईकडची एक कॉलेजची टोळी होती, त्यांच्यात कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच. मी मायचा हात धरला. "माय, इथं दळत नाहीत."

"तूच म्हणाली, पाण्यावर चालती चक्की हाय."

"हाय. पण ती बघायची चक्की हाय."

"चक्की कुणी बघती व्हय? अन् चक्कीवर मोकळ्या हातानं कोण जातंय?"

मला राग आला. त्या पोरांचा नाही, तिचाही नाही. मी आदल्या दिवशी तिला सगळं नीट समजावून सांगितलं होतं, पाणी डोंगरातून नळांनी येतं, खापरी नळ जमिनीखालून आहेत, पूर्वी फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी दळण व्हायचं. ती मन लावून ऐकत होती. पण 'पूर्वी' हा शब्द तिनं धरलाच नव्हता. तिच्या हिशोबानं जे पूर्वी चालायचं आणि आजही फिरतंय, ते चालूच आहे.

चाचांनी पिशवी तिच्या हातात परत दिली, दोन्ही हातांनी. "अम्मा, तुम जरा देर से आए," ते म्हणाले. "थोडी नई, भोत देर से. मेरे दादा के भी पैले आना था." मग पोरांच्या टोळीकडं वळून, आवाज जरा चढवून म्हणाले, "हसरे कायकू? दळण लेके आनेवाली ये पैली है. बाकी सब खाली हात आते."

आत मोठं वडाचं झाड, भरलेला हौद, हौदात मासे. माय माशांत रमली नाही. तिला दगड बघायचा होता. त्या दिवशी पाणी सोडलेलं होतं आणि खालचं चाक फिरत होतं, वर जात्याचा दगड घरघरत होता. कठड्यापाशी लोक येत, मोबाईल वर धरत आणि पुढं जात. माय उभी राहिली ती राहिलीच. वाकून, जिथून पीठ पडायला हवं तिथं बघत होती.

"काहीच पडंना गं."

"काही टाकतच नाहीत तर पडंल कसं?"

"मंग फिरवतेत कशाला?"

"लोकांना दाखवायला."

"रिकामं जातं फिरवू नये," ती म्हणाली. आमच्या घरी हे तिनं आम्हाला शंभरदा सांगितलेलं. लहानपणी आम्ही भावंडं खेळ म्हणून जात्याचा खुंटा धरून गरगर फिरवायचो, तेव्हा ती चुलीपुढून ओरडायची, दगडावर दगड घासला की दगड झिजतो आणि पिठात त्याची कच येते. "दिसभर असंच का?"

"पाणी असलं की."

तिनं पिशवीची सुतळी सोडली. मी इकडंतिकडं बघितलं. तिनं मूठभर ज्वारी घेतली, कठड्यावरून हात लांब केला आणि फिरत्या दगडाच्या दिशेनं टाकली. निम्मी दगडाच्या अलीकडंच सांडली. दोन-चार दाणे वर पडून फिरायला लागले. चाचा लांबून बघत होते. त्यांनी तोंड वडाच्या झाडाकडं वळवलं.

"चला," माय म्हणाली. हात लुगड्याला पुसला. तिचा चेहरा आता मोकळा झाला होता.

मी मात्र तिथंच थोडी मागं राहिले. ती घरघर माझ्या कानात बसली होती.

संध्याकाळी बिल्डिंगच्या फाटकाशी रिक्षा सोडली. वॉचमन नवा होता, आठवडाभरापूर्वी आलेला. आम्ही दोघी आत वळलो तसा तो खुर्चीवरून उठला आणि मला म्हणाला, "मॅडम, किसके यहाँ जाना है?"

मी म्हणाले, "इथंच राहते मी. तिसऱ्या मजल्यावर."

"नाम?"

मी नाव सांगितलं. त्यानं मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. तेवढ्यात माय त्याला विचारत होती तो कुठला, घरी कोण कोण, थंडीत रात्री काय पांघरतो. लिफ्टचं दार लागेपर्यंत तो तिला सांगत होता.

वर आल्यावर मी चहा टाकला. माय खाली फरशीवर भिंतीला टेकून बसली, खाट असून. 

"दिसभर फिरलो आपण," ती म्हणाली. "तुला एक माणूस वळखीचं भेटलं नाय गं."

"शहर हाय, माय. मोठं हाय."

"शहर मोठं हाय, ते दिसलं. पर रस्त्यात कुणी म्हणलं नाय, कुठं निघालीस. आपल्या गावात मी घरातून हिरीपर्यंत गेले तर धा जण इचारतेत. मला कट्टाळा येतोय सांगायचा." तिनं बशीत चहा ओतला. "इथला राखणदार बी तुला वळखत नाय."

"तो नवीन हाय."

"तू तर जुनी हाय ना?"

मी तिला समजावून सांगितलं, की इथं असंच असतं, कुणी कुणाच्या अध्यातमध्यात नसतं, आणि ते बरंच आहे. गावातल्यासारखं पोरगी लग्नाची राहिली म्हणून दारोदार चर्चा होत नाही. हे मी नेहमी सांगते आणि खरंच सांगते. पण त्या संध्याकाळी सांगताना मला माझाच आवाज ऑफिसच्या मेलसारखा वाटला. मग मी सरळच विचारलं. मला आडवळणानं जास्त वेळ बोलता येत नाही.

"माय, राहती का इथं? कायमची?"

ती हसली. "लेकीच्या घरी कुणी राहती व्हय?"

"ते जावयाचं घर असतं म्हणून राहत नाहीत. इथं जावई कुठाय? घर माझं हाय. पाटी माझी हाय."

"व्हय, पाटी वाचता येत नाय मला, पर बघितली. लई झ्याक हाय." तिनं बशी खाली ठेवली. "मी इथं काय करू, ते सांग. तू दिस उगवायला जाणार, दिवे लागल्यावर येणार. मी कडी लावून बसू, अन् त्या खिडकीतून गाड्या मोजू?"

"टीव्ही हाय. खाली बाग हाय. मी आल्यावर आपण—"

"पोरी," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "तुला एकटं वाटतंय म्हून मला बी एकटं बसवती व्हय?"

बी.कॉम.च्या कुठल्याच पेपराला असा प्रश्न नव्हता. मी उठून गॅस पुसला. तो स्वच्छच होता.

रात्री ती खाटेवर झोपली, माझ्यासाठी म्हणून. सकाळी बघते तर खाली अंथरलेलं, आणि वाकळेची घडी खाटेवर.

ती निदान ठरलेले दिवस तरी राहील अशी मला थोडी आशा होती. चार दिवस म्हणून आली होती ना. पण सकाळी चहा पिताना भावाचा फोन आला, म्हैस कासेला हात लावू देईना, भावजयीला लाथ बसली. माय म्हणाली, "बघ, जनावराला बी वळख लागती." फोन ठेवून तिनं पिशवी भरायला घेतली. मी अडवलं नाही. अडवून काय करणार होते?

कापडी पिशवी तिनं ओट्यावर ठेवली.

"ही घेऊन जा की. माझ्याकडं पाकिटाचं पीठ असतं."

"चक्कीला काढलेलं दळण तसंच माघारी न्यायचं नसतं. आपल्यात कुणी नेलंय का? दळून आण. एवढं मोठं शहर, एका तरी चक्कीत दळतेत का नाय?"

एसटी आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि शेजारच्या बाईला सरकायला सांगतासांगता तिच्याशी बोलायलाही लागली. गाडी हलली तेव्हा तिनं हात केला, पण तोंड शेजारणीकडं होतं. मी फाटकातून आत आले. वॉचमन म्हणाला, "अम्मा गई क्या?" मी म्हणाले, "हो." तो म्हणाला, "अच्छी थी." मी लिफ्टमध्ये शिरले.

पिशवी आठवडाभर ओट्यावर पडून होती. भाजी चिरताना मी ती इकडून तिकडं सरकवायचे. रविवारी दुपारी कपडे धुऊन झाले, फरशी पुसून झाली, मोबाईलमधला मकबऱ्याचा फोटो तीनदा बघून झाला. बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. मग मी पिशवी काखेत घेतली आणि खाली उतरले.

चक्की मागच्याच गल्लीत होती. मी तिच्यावरून रोज जात असणार, कारण पांढऱ्या पिठानं माखलेलं ते शटर मला ओळखीचं वाटलं. चक्कीवाल्यानं पिशवीत हात घातला.

"ज्वारी? थांबावं लागंल. आत्ता गहू चालूय. गव्हावर टाकली तर ही एवढीशी, गव्हातच जाईल. भाकरी चिवट होईल. ज्वारीवरच टाकतो."

"कधी येईल ज्वारी?"

"कुणी आणली की. ठेवून जा, नाव सांगा. संध्याकाळी न्या."

नाव सांगून जाता आलं असतं. मी म्हणाले, "थांबते." त्यानं पायानंच एक उलटा डबा माझ्याकडं सरकवला. मी त्यावर बसले. माणसं येत होती. गहू, गहू, कुणाची बाजरी, पुन्हा गहू. प्रत्येकजण आपला डबा ठेवताना बाकीच्यांचे डबे बघत होता आणि कशावर काय टाकायचं ते ठरवत होता. माझ्या कपड्यांवर पीठ बसत होतं. मी ते झटकलं नाही.

बऱ्याच वेळानं एक बाई आली, माझ्याहून वयानं मोठी, डोक्यावर पदर, कमरेवर स्टीलचा डबा. "ज्वारी हाय."

"तुमच्यावर ह्यांची टाकतो," चक्कीवाला म्हणाला.

"टाका की. त्यात काय इचारायचं?" तिनं माझ्याकडं बघितलं. मग पिशवीत हात घालून थोडे दाणे तळहातावर घेतले, फुंकर मारली. "ही इकतची नाय."

"नाय. गावाकडची. माझ्या मायनं आणलेली."

"कुठलं गाव?"

"कन्नडकडं."

"आमचं पिशोर. एकाच अंगाला की." तिला एकदम उत्साह आला. "राहता कुठं?"

"ह्या पलीकडच्या बिल्डिंगीत. तिसऱ्या मजल्यावर."

"आवं, आम्ही बी तिथंच! दुसऱ्या. कवा आल्या?"

"तीन वर्षं झाली."

ती पदर तोंडाला लावून हसली. "तीन वर्षं? अन् मला आज दिसताय? काय खात व्हता मंग तीन वर्षं?"

मी खरं ते सांगितलं. "पाकिटातलं."

"अगाई," ती म्हणाली, जसं कुणी आजारपण सांगितलंय. तेवढ्यात तिचं दळण सुरू झालं आणि त्या आवाजात पुढं बोलता आलं नाही. तिची ज्वारी संपतासंपता चक्कीवाल्यानं माझी ओतली, मध्ये खंड पडू न देता. तिच्या पिठाची शेपटी माझ्यात आली असेल, माझं तोंड तिच्यात गेलं असेल. ती डबा उचलून निघाली, फाटकापर्यंत सोबत यायला माझ्यासाठी थांबली नाही, तिला घाई होती. हात तेवढा केला.

पीठ गरम होतं. मी ते पोटाशी धरून तीन मजले पायऱ्यांनी चढले. लिफ्ट होती, पण तशी हौस आली.

भाकरी मला येते. हे कॉलेजच्या आधीपासून येतं. पहिली थापून तव्यावर टाकली आणि मायला फोन लावला. पलीकडं म्हशीचा आवाज, भावजयीचा आवाज, कुणीतरी मायला हाका मारतंय.

"दळून आणली का?"

"आणली."

"कशावर दळली?"

"ज्वारीवर."

"कुणाच्या?"

"आमच्याच बिल्डिंगीतली एक बाई हाय. पिशोरची."

"नाव काय तिचं?"

मी तव्याकडं बघितलं. "इचारलं नाय."

मायनं हाका मारणाऱ्याला "आले" म्हणून सांगितलं. मग म्हणाली, "पीठ किती दिस पुरंल तुला?"

मी डब्यात बघितलं. एकट्या माणसाला ते पुष्कळ होतं. "लई दिस पुरंल, माय."

"असं कर," ती म्हणाली, "रोज एक भाकरी जास्तीची थापत जा. लवकर सरंल."

फोन बंद झाला. तव्यावरची भाकरी फुगली होती. मी ती उतरवली आणि दुसरीसाठी पीठ घेतलं.